धोंडिबा आणि गुंडप्पा : आपल्या सीमाभागातील जुनी नावे

सीमाभागातील एखाद्या जुन्या शाळेचे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहिले, तर त्यात धोंडिबा, केरबा, सटवाजी, पोचीराम, गुंडप्पा, तिप्पण्णा, माणिकराव, हुसेनप्पा, भिकाबाई, साकव्वा अशी नावे ओळीने आढळतात. आजच्या हजेरीपटात ती नाहीत. त्यांची जागा आरव, अथर्व, श्रेया आणि सान्वी यांनी घेतली आहे. नव्या नावांशी आमचे भांडण नाही. ती कानाला गोड लागतात आणि आईबापांनी ती हौसेने ठेवलेली असतात. परंतु वर्गात एखाद्याच्या आजोबांचे नाव उच्चारले जाताच जी खसखस पिकते, ती ऐकून मात्र या जुन्या नावांविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. यांतील एकही नाव उगीच ठेवलेले नव्हते. कोणत्या देवाला नवस केला होता, घरात कोणती भीती होती, कोणत्या वाटेने माणसे यात्रेला जात होती, हे त्या त्या नावात नोंदलेले असे. शिवाय, जी नावे आपण मराठी आणि कानडी म्हणून वेगळी समजतो, त्यांतील पुष्कळशी मुळात एकच आहेत.

प्रथम हा प्रदेश ध्यानात घेतला पाहिजे. बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा हैदराबाद राज्य मोडले आणि हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याला मिळाले, तर जहीराबाद-नारायणखेडकडील भाग आंध्राकडे गेला. पुढे १९७३ साली म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. अशा रीतीने कचेरीत उर्दू, बाजारात कानडी व मराठी आणि पूर्वेकडच्या खेड्यांतून तेलुगू अशा चार भाषा ज्या मुलखात पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या, त्याच्या मधून रेषा गेल्या. सोयरिकी, जत्रा आणि नावे मात्र रेषांच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारखीच राहिली.

नावांकडे पाहताना त्यांचे शेपूट आधी ओळखावे. कानडीत 'अप्प' म्हणजे बाप, 'अण्ण' म्हणजे थोरला भाऊ, 'अव्व' आणि 'अम्म' म्हणजे आई, 'अक्क' म्हणजे थोरली बहीण. मूळ नावाला हे नात्याचे शब्द जोडले की मल्लप्पा, तिप्पण्णा, निंगव्वा, शरणम्मा अशी नावे तयार होतात. मराठीत हेच काम 'बा', 'जी', 'राव', 'बाई' हे शब्द करतात. 'बा' म्हणजेही बापच. नुकत्याच जन्मलेल्या, मूठभर लेकराला बाप किंवा आई म्हणण्याची ही रीत दोन्ही भाषांत आहे. मराठीने तर अण्णा, अप्पा आणि अक्का हे शब्द कानडीकडून असे उचलले की ते परके आहेत हे आज कोणाला सांगूनही पटत नाही.

दुसरी खूण उच्चाराची. संस्कृतातील 'व' कानडीत पुष्कळदा 'ब' होतो. 'वृषभ' या शब्दाचे 'बसव' झाले ते असे. आणि त्यावरून बसप्पा, बसवंत, बसवराज, बसलिंग ही नावे आली. बसवेश्वरांच्या काळी, बाराव्या शतकात, कल्याण ही कलचुरी राजा बिज्जलाची राजधानी होती. आज तेच गाव बसवकल्याण म्हणून ओळखले जाते. 'वीर'चा 'बीर' झाला, आणि धनगरांचा देव मराठीत बिरोबा व कानडीत बीरप्पा ठरला. कानडी बोलीत 'लिंग' या शब्दाचे 'निंग' होते. म्हणून निंगप्पा आणि लिंगाप्पा ही एकाच नावाची दोन रूपे आहेत. व्यंकटाचा यंकोबा मराठीने केला, यंकप्पा कानडीने केला. ज्ञानोबाचा ग्यानबा आणि त्र्यंबकाचा तिंबक करणाऱ्या मराठी जिभेला शेजारणीला हसण्याचा अधिकार नाही!

देवांवरून ठेवलेली नावे सर्वांत अधिक. ती नीट पाहिली तर यात्रेच्या वाटा कळून येतात. घरात पांडुरंग, पंढरी, पुंडलिक, रखमाबाई, चंद्रभागा असली, की पंढरीची वारी आहे असे समजावे. तुळजाराम, अंबादास, भवानराव यांची वाट तुळजापूरची. वैजनाथ परळीचा, नागनाथ आणि नागोराव औंढ्याचे, मल्लिकार्जुन श्रीशैलाचा, व्यंकट आणि बालाजी तिरुपतीचे, सिद्राम सोलापूरच्या सिद्धरामेश्वराचा. आपल्या जिल्ह्यांतील देवस्थानांचीही अशीच नावे आहेत. हुमनाबादच्या वीरभद्रेश्वरावरून वीरभद्रप्पा आणि वीरण्णा. औरादच्या अमरेश्वरावरून अमरप्पा. बीदरच्या नरसिंह झरणीच्या गुहेत छातीएवढ्या पाण्यातून चालत जाऊन ज्याचे दर्शन घ्यावे लागते, त्या देवावरून नरसिंग, नरसप्पा, नरसाबाई. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांवरून (१७४६-१८२२) त्या बाजूला शरणप्पा इतके झाले, की गल्लीत 'शरणप्पा' अशी हाक मारली तर तिघे वळून पाहतील.

नद्यांची नावेही देवतांच्याच पंक्तीतली. गंगा, गोदावरी, कृष्णा, भीमा या नद्यांची नावे मुलींना मिळाली. बीदर जिल्ह्याला पाणी देणारी मांजरा मात्र या मानापासून वंचित राहिली. मुलीचे नाव मांजरा ठेवल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. कारण उघड आहे.

अफजलपूर तालुक्यातील गाणगापूर हे भीमा-अमरजा संगमावरील दत्तक्षेत्र. नृसिंहसरस्वती तेथे दीर्घकाळ राहिले, आणि त्यांचे चरित्र सांगणारा गुरुचरित्र हा ग्रंथ सरस्वती गंगाधराने मराठी ओवीत रचला. कानडी मुलखातील या गावी मराठी ग्रंथाची पारायणे होत आली आहेत आणि दोन्ही भाषांतील घरांत दत्तू, दत्तोबा, नरहरी, श्रीपाद, गुरुनाथ, अवधूत ही नावे फिरत आली आहेत. नृसिंहसरस्वतींचे स्वतःचे पूर्वाश्रमीचे नाव नरहरी. त्यांचा जन्म विदर्भातील कारंजा येथला. विदर्भातील एका मुलाचे नाव भीमेच्या काठी येऊन रुजले ते असे.

त्याहूनही जवळचे उदाहरण माणिकप्रभूंचे. त्यांचा जन्म १८१७ साली बसवकल्याणजवळ लाडवंती येथे झाला आणि १८६५ साली हुमनाबादजवळच्या माणिकनगरात त्यांनी समाधी घेतली. त्यांची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदीतही आहेत; आणि भक्तांत हिंदूंप्रमाणे मुसलमानही होते. माणिक हे रत्नाचे नाव, म्हणून ते पूर्वीही असेच. परंतु या परिसरात माणिकराव, माणिकप्पा आणि माणिकम्मा एवढ्या संख्येने आढळतात, याचे श्रेय रत्नापेक्षा प्रभूंना अधिक आहे.

खंडोबाची गोष्ट तर तीन भाषांची. बीदरजवळ खानापूर येथे मैलार मल्लण्णाचे देवस्थान आहे. मराठी माणूस त्याला खंडोबा म्हणतो, कानडी माणूस मैलारलिंग, तेलुगू माणूस मल्लण्णा. आणि भंडारा सगळे एकाच ताटातून उधळतात. मणी आणि मल्ल या दैत्यांची कथा प्रसिद्ध आहे. मल्लाचा अरी, म्हणजे शत्रू, तो मल्लारी, त्याचा मल्हारी. त्यावरून मराठीत खंडू, खंडेराव, मल्हारी, मार्तंड, म्हाळसाबाई अशी नावे झाली आणि कानडीत मैलारप्पा, मल्लप्पा, मल्लय्या. एकाच नवसाचे लेकरू कोणत्या घरात जन्मते, यावर ते मल्हारी व्हायचे की मल्लप्पा व्हायचे हे ठरत असे.

पूर्वेकडून आलेली एक देवी येथे सांगितलीच पाहिजे. तेलंगणात पोचम्मा ही देवीच्या रोगाची, म्हणजे मसूरिकेची, देवता मानतात. तिच्या नावाने मुलांची नावे पोचय्या, पोचीराम, पोचाबाई अशी ठेवीत. पोचय्या तेलुगू झाला; पण पोचीराम पाहा. तेलुगू देवीला राम जोडून मराठी घराने केलेले ते नाव आहे. भारतातील देवीचा रोग १९७५ साली संपला आणि १९८० साली जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. पोचीराम हे नाव त्यानंतर मागे पडले, याचे दुःख करण्याचे कारण नाही.

आता ज्या नावांना सर्वांत अधिक हसले जाते त्यांच्याकडे वळू.

धोंडू, धोंडिबा, दगडू, दगडाबाई ही दगडाची नावे. केरबा आणि कचरू ही केरकचऱ्याची. विदर्भाकडे उकंडा आणि खानदेशाकडे सुपडू असते; पहिले नाव उकिरड्यावरून, दुसरे सुपावरून. कानडीत 'तिप्पे' म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पण्णा आणि तिप्पव्वा. तेलुगूत 'पेंट' म्हणजे उकिरडाच. त्यावरून पेंटय्या, पेंटम्मा. तीन भाषा, तीन शब्द, आणि नाव एकच. आपल्या लाडक्या लेकराला उकिरड्याचे नाव ठेवावे असे तीन वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या आयांना का वाटले असेल?

याचे उत्तर मृत्यूत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ होता. दोनशेचा अर्थ असा की पाच पाळण्यांपैकी एक पाळणा वर्षाच्या आत रिकामा होई. आणि काही घरांत तर लागोपाठ दोन-तीन मुले जात. अशा घरात पुन्हा मूल जन्मले की त्याच्यावर मृत्यूची, सटवाईची किंवा दुष्ट दृष्टीची नजर पडू नये म्हणून घरची माणसे त्याला तुच्छ ठरवीत. त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे, शेजारणीने ते उचलायचे, आणि मग मूठभर धान्य किंवा कोंडा देऊन आईने ते तिच्याकडून विकत घ्यायचे, असा विधी अनेक ठिकाणी होत असे. कोंडिबा आणि कोंडाबाई या नावांमागे हाच कोंडा सांगतात. भिकू, भिकाजी, भिकाबाई म्हणजे भीक मागून मिळालेले मूल. मुलाचे नाक टोचून नथ घातली म्हणजे ते मुलगी वाटेल आणि काळ त्याला सोडून जाईल, म्हणून नथू. मृत्यूला फसविण्याचे हे उपाय आज भाबडे वाटतात. वैद्य नाही, लस नाही, गावात दवाखाना नाही, अशा वेळी त्या आईच्या हाती एवढेच एक औषध होते. ते तिने नावाच्या रूपाने मुलाच्या गळ्यात बांधले.

दगडाच्या नावात आणखी एक इच्छा आहे. दगड मरत नाही. केर क्षुद्र म्हणून वाचतो, दगड टणक म्हणून टिकतो. येथे मराठी आणि कानडीचे नाते फारच स्पष्ट होते. कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड, त्यावरून कल्लप्पा. 'गुंडु' म्हणजे वाटोळी वस्तू, गोटा, त्यावरून गुंडप्पा. मराठीतही 'गुंडा' हा शब्द वाटोळ्या दगडाला आहेच, आणि गुंडोपंत, गुंडेराव ही नावे आहेत. धोंडिबा आणि गुंडप्पा ही दोन नावे समोरासमोर ठेवून पाहा. धोंडा आणि बा. गुंडा आणि अप्पा. दगड आणि बाप. अक्षरे निराळी, बांधणी तंतोतंत तीच.

बारशाचा विधी ज्यांनी पाहिला असेल त्यांना या दगडाची आणखी ओळख पटेल. पाळण्यात मूल घालण्याआधी वरवंटा धुऊन, कुंची घालून, बाळासारखा सजवितात आणि गोविंद, गोपाळ अशी नावे घेत पाळण्याच्या वरून-खालून एकीने दुसरीच्या हाती देतात. मग आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. काही कानडी घरांतून त्या सजविलेल्या दगडालाच गुंडप्पा म्हणतात. दगडासारखे आयुष्य लाभो, ही प्रार्थना तेथे शब्दांवाचून केलेली असते.

ही नावे धारण करणारे लहान राहिले असेही नाही. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचून १९५८ साली भारतरत्न झालेले महर्षी कर्वे हे धोंडो केशव होते, आणि लोक त्यांना अण्णा म्हणत. १८५७ च्या संग्रामातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. कानडी साहित्यातील मोठे नाव म्हणजे डी. व्ही. गुंडप्पा (१८८७-१९७५). आर. गुंडूराव हे १९८० ते १९८३ या काळात कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते. आणि क्रिकेटच्या चाहत्यांना सांगावयास नको, की ज्याच्या मनगटाची आजही वाखाणणी होते तो विश्वनाथ, गुंडप्पा विश्वनाथच. धोंडू या नावाला एक दुसराही उगम आहे, तो सांगितला पाहिजे. अधिक मासाला आपल्याकडे धोंडा महिना म्हणतात. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत किंवा अधिकराव म्हणत. म्हणून प्रत्येक धोंडूमागे दुःखाचीच गोष्ट असेल असे नाही.

वर सटवाईचे नाव आले. षष्ठी या देवीचे हे मराठी रूप. पाचव्या-सहाव्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते अशी समजूत; म्हणून त्या रात्री पूजेत कोरा कागद आणि लेखणीही ठेवीत. तिची मर्जी राखण्यासाठी सटवा, सटवाजी, सटवाबाई ही नावे. पुढे बोलीत 'सटवी' हा शब्द शिवी झाला, आणि नावाची अप्रतिष्ठा झाली.

दर्ग्यावरील नवसाची नावे हा आपल्या भागाचा विशेष. कलबुर्गीस ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा दर्गा आहे. ते १४२२ साली निवर्तले. आळंदला लाडले मशायक यांचा दर्गा आहे. येथे नवस बोलणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असत, आणि नवसाचे मूल झाले की ते फकीरप्पा किंवा पीराजी होई. मोहरमच्या डोल्यांपुढे मागितलेले मूल हुसेनप्पा होई; अरबी हुसेन आणि कानडी अप्पा यांचे ते नाव हिंदू घरात सुखाने नांदे. ही रीत फार जुनी. शिवरायांचे वडील शहाजी व चुलते शरीफजी यांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, अशी परंपरागत हकीकत आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या कादंबरीमुळे फकिरा हे नाव महाराष्ट्रभर गाजले. त्या नावाचे कुळ हेच.

जुन्या संतांच्या आणि राजांच्या नावांतही हा प्रदेश डोकावतो. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महार होऊन बीदरच्या दरबारात धान्याची किंमत भरली, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दामोदराचे दामू आणि दामाजी. त्याच मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला बीदरच्या बादशहाचे बोलावणे आल्याची कथा आहे. तिच्या नावातील कान्हो म्हणजे कृष्ण. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. त्यांच्या कृष्ण राजाला कानडी लेखांत कन्नर म्हटले आहे, आणि देवगिरीच्या यादवांतील कृष्ण राजा कान्हर या नावाने ओळखला जातो. कृष्णाचा कन्नर, कान्हर आणि कान्होजी हे सख्खे भाऊच म्हणावयाचे.

शास्त्रातही नावांचा विचार आहे. धर्मसिंधूत देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. परंतु खेड्यातील मुलाला खरी दोन नावे लाभत, एक ठेवलेले आणि एक हाकेचे. यामागे एक मौजेचे कारण होते. नातवाला वारलेल्या आजोबांचे नाव द्यावयाचे, आणि सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही! मग त्या माउलीने आपल्याच मुलाला हाक कशी मारावी? ती त्याला अप्पा, बापू, तात्या किंवा बाळू म्हणे; आणि तेच नाव म्हातारपणापर्यंत चिकटे. गावात ज्याला जन्मभर तात्या म्हणून ओळखले, त्याचे खरे नाव कित्येकांना त्याच्या सात-बारावर किंवा पत्रिकेवर प्रथम कळत असे.

आता एक कडू गोष्ट. नाव एकच असले तरी हाक एक नसे. ब्राह्मणाच्या किंवा कारकुनाच्या घरचा तो धोंडोपंत, देशमुखाच्या वाड्यातला धोंडेराव, कुणब्याचा धोंडिबा, आणि गावकुसाबाहेरचा, तो सत्तर वर्षांचा झाला तरी, धोंड्या. बायकांचेही तसेच; एकीची रखमाबाई, दुसरीची रखमी. जुन्या कागदांत तर 'धोंड्या वल्द गुंड्या' असे बापलेक दोघेही अर्धवट नावांनी नोंदले जात. दगडाचे नाव आईने मायेने ठेवले होते. त्याच्या शेपटातील अपमान गावाने जोडला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर अनेक घरांतून गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे आली, त्याचे कारण यावरून कळेल. ती नावे निवडताना कोणाला शेपूट तोडता येणार नाही, एवढे तरी पाहिले गेले. जुन्या नावांचे कौतुक करणाऱ्याने ही बाजू झाकून ठेवू नये.

मुलींच्या नावांत गोडवा फार होता. साळू, मैना, चिमा, गोजरा, सोनाबाई, फुलाबाई. कानडीत 'मुत्तु' म्हणजे मोती म्हणून मुत्तव्वा, 'हवळ' म्हणजे पोवळे म्हणून हवळव्वा, 'चन्न' म्हणजे सुंदर म्हणून चन्नम्मा. किट्टूरच्या राणीचे नाव तेच. येथे अर्थ लावताना मात्र सावध असावे. कानडीत 'चिन्न' म्हणजे सोने, तेलुगूत 'चिन्न' म्हणजे लहान. तेव्हा चिन्नम्मा ही सोनाबाई की धाकटी, हे तिची घरची भाषा कळल्याशिवाय सांगता येत नाही. तसेच तेलुगूतील कोंडय्या हा कोंड्याचा नव्हे. 'कोंड' म्हणजे तिकडे डोंगर.

या गोड नावांच्या पाठीमागेच नकोशी उभी आहे. तीन-चार मुलींनंतर पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकुसा किंवा नकोशी ठेवीत. पुढचा तरी मुलगा होईल, अशी समजूत. आपल्या बाजूला साकव्वा हे नाव आहे. कानडीत 'साकु' म्हणजे पुरे. म्हणून हे नाव 'आता मुली पुरेत' या अर्थाचे मानतात. पण 'साकु' याचाच दुसरा अर्थ आहे सांभाळणे, पोसणे. तेव्हा कोणा साकव्वाच्या आजीने कपाळाला आठी घालून ते नाव ठेवले असेल, आणि कोणा साकव्वाला पोटाशी धरून. उच्चार एकच राहतो. नकोशीच्या बाबतीत मात्र अशी पळवाट नाही. धोंडू हे नाव मूल राहावे म्हणून होते, नकोशी हे ते आले म्हणून. आणि ते नाव इतिहासजमा व्हावे हेच योग्य. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या २८५ मुलींना एका समारंभात नवी नावे देण्यात आली. त्यांतील कित्येकींनी आपले नवे नाव स्वतः निवडले होते.

मुलींचे नाव हरवण्याची आणखी एक जागा म्हणजे लग्नमंडप. ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहीत, आणि त्या दिवसापासून माहेरची साळू सासरी लक्ष्मीबाई होई. रेशनकार्डावर, मतदारयादीत, बँकेच्या पुस्तकावर तेच नवे नाव राही. जुने नाव माहेरच्या अंगणात तेवढे ऐकू येई. आणि भाऊ वारले, माहेर तुटले, की ते नाव घेणारे कोणी उरत नसे. आपल्या घरातील आजीचे माहेरचे नाव पुष्कळ नातवंडांना ठाऊक नसते. विचारले, तर आजी आधी 'आता कशाला ते' म्हणते, पदर सावरते, आणि मग सांगते.